मॉरिशस : मजुरांनी वसविलेले बेट



चालकांनी मला बोलावले तेव्हा विषय माझ्यावर सोपविला, पण एक अट घातली. संप, बोनस आणि महागाई सोडून काही सांगा, लोकांना देशोदेशींचे ऐकावयाचे आहे, असे ते म्हणाले. अट मान्य केली. आज मी समुद्रातल्या एका बेटाविषयी बोलणार आहे. त्यात संप येणारच, त्याला माझा इलाज नाही.

मी भूगोलाचा पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली, त्यानंतर कारखान्यात लेथवर उभा राहिलो आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. मॉरिशसला मी गेलेलो नाही. तेव्हा तिथल्या समुद्राचा रंग कसा आहे हे मला विचारू नका. त्यासाठी सहलीच्या कंपन्यांची रंगीत पत्रके पाहावीत. त्या पत्रकांत जे नसते ते वाचून, जुळवून मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

बेट म्हटले की आपल्या मनात प्रथम पॅसिफिक महासागरातली पॉलिनेशियन बेटे उभी राहतात : सामोआ, टोंगा, हवाई. मीही आरंभी तीच वाचावयास घेतली. सामोआ-टोंगाचे लोक सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी होड्यांतून, तारे आणि लाटा पाहत, त्या बेटांवर येऊन पोहोचले. भूमी त्यांची, भाषा त्यांची, देव त्यांचे. गोरे लोक आले ते फार मागाहून. पण त्याच पॉलिनेशियातल्या हवाईची कथा वाचताना मी अडखळलो. तिथे उसाचे मळे आले आणि मळ्यांबरोबर चीन, जपान, फिलिपाइन्स येथून मजूर आले. शेजारच्या फिजीत १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी माणसे करारावर नेली. म्हणजे ऊस जिथे गेला तिथे त्याने माणसांची उचलबांगडी केली. या धंद्याचा आरंभ कोठे झाला हे शोधीत गेलो, तर बोट हिंदी महासागरातल्या एका ठिपक्यावर आले. आणि त्या ठिपक्यावर मराठी बोलणारी माणसे आहेत असे कळले. मग पॅसिफिक तिथेच ठेवला.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून नैर्ऋत्येला साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र ओलांडला की मॉरिशस लागते. त्याच्या पश्चिमेस मादागास्कर, त्याच्याही पलीकडे आफ्रिका. अक्षांश साधारण वीस. म्हणजे आपल्या नाशिकचा, पण विषुववृत्ताच्या दक्षिणेचा. म्हणून आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. लांबी सुमारे पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. एकट्या पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटे मावतील. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचे छोटे बेट त्याच राष्ट्रात मोडते.

बेटाच्या मधोमध पठार आहे, कडेने तुटक डोंगर आणि सभोवार पोवळ्यांचा बांध. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून ठेंगणे. वारा आग्नेयेकडून येतो. त्यामुळे पठारावर पाऊस कोसळतो आणि पश्चिमेचा किनारा कोरडा राहतो. सह्याद्रीचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही; मुळशीत छत्री उलटते तेव्हा बारामतीत लोक आभाळाकडे पाहत असतात. फरक एवढाच, की आपल्याकडे ढग पश्चिमेकडून येतात.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. मॉरिशसचा दगड काळा आहे. ज्वालामुखीचा दगड. आपल्या धायरीच्या टेकडीचा, सिंहगडाच्या कड्याचा दगडही काळाच, तोही लाव्ह्याचाच. या दोन दगडांचे नाते नुसते रंगाचे नाही. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी एकाच जागी धगधगणाऱ्या भट्ट्या आहेत असे भूशास्त्रज्ञ मानतात. वरचे कवच सरकते, भट्टी जवळजवळ जागच्या जागी राहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी सरकत सरकत अशा एका भट्टीवरून गेली, तेव्हा थरावर थर लाव्हा पसरला आणि दख्खनचे पठार झाले. भूमी उत्तरेकडे निघून गेली. भट्टी मागे राहिली. तिच्यावरून जे जे कवच सरकले तिथे तिथे समुद्रातून डोंगर वर आले : मालदीव, चागोस अशी ती रांग दक्षिणेला उतरत जाते. तिच्या शेवटाकडे मॉरिशस, वय सुमारे ऐंशी लाख वर्षे. त्याच्या शेजारचे रियुनियन बेट आज त्या भट्टीवर आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. म्हणजे सिंहगड आणि मॉरिशस एकाच भट्टीतून निघालेला माल आहे. पाळी वेगवेगळी, एवढेच. आमच्या रत्नागिरीच्या माणसाने मॉरिशसच्या शेतात पहार मारली तेव्हा तिच्याखाली त्याच्या गावचाच सख्खा दगड होता. त्याला ते ठाऊक नव्हते.

या बेटाचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्याला मूळचे लोकच नाहीत. सामोआला सामोअन आहेत, मॉरिशसला कोणी नव्हते. आबनुसाची जंगले होती, मोठी कासवे होती आणि डोडो नावाचा न उडणारा पक्षी होता. अरब खलाशांना बेट माहीत होते, पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिले कोणी नाही. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव त्याला दिले. त्यांनी आबनूस तोडला, जावा बेटावरून ऊस आणला आणि शतकभरात १७१० साली ते कंटाळून निघून गेले. डोडो त्यांच्याच काळात संपला. १७१५ मध्ये फ्रेंच आले. ला बूर्दोने नावाच्या गव्हर्नराने १७३५ नंतर पोर्ट लुई बंदर उभारले. इतिहासाची पुस्तके म्हणतात, त्याने बांधले. बांधले ते मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेल्या गुलामांनी व पाँडिचेरीकडून नेलेल्या कारागिरांनी. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, त्या फौजेत हिंदी शिपाईही होते. पुढे १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले कैदी तिथे धाडून रस्ते करवून घेतले. चार्ल्स डार्विन १८३६ साली तिथे उतरला तेव्हा या कैद्यांची उमदी चर्या पाहून तो चकित झाला आणि त्याने ते लिहून ठेवले.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. साठ हजारांवर माणसे कागदोपत्री मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली, ती सुमारे वीस लाख पौंड. कोणाला? मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक दमडी नाही. उलट आणखी चार वर्षे उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावे लागले. ती संपताच बहुतेकांनी उसाच्या शेताकडे पाठ फिरविली. मग ऊस कोण तोडणार? मालकांनी उत्तर आधीच शोधून ठेवले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. सरकारच्या भाषेत हा 'महान प्रयोग' होता : गुलामाऐवजी करारावरचा स्वतंत्र मजूर चालतो की नाही हे पाहावयाचे. प्रयोग मालकांच्या मते उत्तम चालला. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या घरात हिंदी माणसे तिथे नेली. त्यांतली सुमारे एकतृतीयांश परतली. उरलेली तिथेच राहिली, काही जमिनीवर आणि पुष्कळ जमिनीखाली.

सर्वांत जास्त लोक कलकत्त्याहून गेले, म्हणजे बिहार आणि पूर्वेकडचे. मग मद्रासचे तमिळ-तेलुगू. मुंबई बंदरातून सर्वांत थोडे. पण जे गेले त्यांत आपले लोक होते : रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे, ठाण्याचे. का गेले? कोकणातली खोती ज्यांनी भोगली त्यांच्या नातवंडांना हे विचारावे. पीक खोताच्या कोठीत, पोटाला वरी-नाचणी, आणि दारात मुकादम येऊन सांगतो आहे की महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, मीठ, कपडा आणि पाच वर्षांनी परत. पुढे मुंबईतच रेल्वे, गोदी आणि गिरण्यांत काम मिळू लागले, तेव्हा मुंबई बंदरातून परदेशी जाणारांचा ओघ आटला. जो माणूस परळच्या चाळीत गेला आणि जो मॉरिशसच्या बराकीत गेला, ते एकाच वाडीतले. मध्ये केवळ काही वर्षांचे अंतर.

शिडाच्या जहाजाने महिना-दीड महिना लागे. पोर्ट लुईला उतरल्यावर दगडी पायऱ्या चढून आवारात जावे लागे. १८४९ मध्ये बांधलेल्या त्या आवाराला कुली घाट म्हणत. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला. सोळा पायऱ्या आहेत. वर गेल्यावर कारकून रजिस्टर उघडी. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, कोणत्या मळ्यावर दिला. आणि एक नंबर. पुढे फोटोही काढू लागले. कारकुनाला आडनावाशी कर्तव्य नव्हते. तो जे ऐके ते आपल्या स्पेलिंगात लिही. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी माणसांची आडनावे ही बहुधा पणजोबा-खापरपणजोबांची साधी नावे आहेत. इकडचा कोणी पवार वा कदम भिवाजी नावाने उतरला की त्याचे सारे कूळ कायमचे भिवाजी झाले. जातीचे आणि गावकीचे आडनाव एका कारकुनाच्या आळसाने पुसून गेले. काही समाजसुधारकांना जन्मभर खपून जे जमले नाही ते त्याने दौतीच्या दोन फटकाऱ्यांत केले!

आता करार काय होता ते ऐका. पगार महिना पाच रुपये, आणि तो कित्येक दशके जवळपास तेवढाच राहिला. पण त्याहून महत्त्वाचा कायदा निराळा होता. त्याला 'डबल कट' म्हणत. एक दिवस कामावर आला नाही की दोन दिवसांची मजुरी कापावयाची. ताप आला, बाळंतीण आजारी पडली, पाय कापला, कारण काहीही असो. महिन्यातून आठ दिवस अंथरुणाला खिळलेल्याचे सोळा दिवसांचे पैसे गेले. रेशन मिळे, पगार मात्र बाकीत. अशा रीतीने माणूस राबूनही कर्जात राही. करार संपल्यावर तरी मोकळा? तसेही नाही. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या प्रत्येकाला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो जवळ नसेल तर भटक्या म्हणून तुरुंग. पोलीस रस्त्यावर माणसांची शिकार करीत. हा शब्द माझा नव्हे, त्या काळी लोक तसेच म्हणत. या काळ्या कायद्यांविरुद्ध १८७१ मध्ये अदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने अर्ज लिहून दिला. त्यावर ९,४०१ मजुरांची नावे आहेत. मळेवाल्यांनी प्लेवित्झला भररस्त्यात मारहाण केली, पण चौकशीसाठी शाही कमिशन नेमावे लागले. सह्यांची मोहीम ज्याने कधी चालविली असेल त्याला या आकड्याची किंमत कळेल. आज मोबाइलवर सही करावयाची असते तरी माणूस म्हणतो, उद्या बघू. तिथे पास काढून घेतील, मळ्यावरून हाकलतील ही भीती डोक्यावर असताना नऊ हजार चारशे एक माणसांनी नाव दिले.

माणसे आणणारा कोण? सरदार. तोच गावाकडे जाऊन माणसे गोळा करी, तोच मळ्यावर त्यांच्यावर देखरेख करी, तोच उसने पैसे देई. आपल्याच गावचा, आपलीच भाषा बोलणारा. मालकाचा चाबूक आणि मजुराचा आधार या दोन्ही गोष्टी एकाच हातात. पुढे १८७० नंतर साखरेचा भाव पडला आणि मळेवाले पडीक, खडकाळ तुकडे विकू लागले, तेव्हा आरंभी ते घेण्याइतका पैसा बहुधा या सरदारांकडेच होता. हळूहळू साध्या मजुरांनीही तुकडे घेतले. त्या जमिनीतले दगड उचलून त्यांनी शेताच्या मध्ये रचले. ते काळ्या दगडांचे ढीग, कित्येक दोन-तीन मजली उंच, मॉरिशसच्या उसात आजही उभे आहेत. एक एक दगड हाताने उचललेला. मला विचाराल तर त्या बेटावरचे खरे स्मारक तेच. त्यांवर कोणाचे नाव नाही, उद्‌घाटन कोणी केले नाही.

१९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे काही दिवस थांबले. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे वकील गेले आणि त्यांनी कोर्टात मजुरांची बाजू घेतली. १९१० च्या सुमारास करारावर माणसे नेण्याची पद्धत बंद पडली. पण संघटना नव्हती. ती यावयास आणखी पंचवीस वर्षे लागली, आणि इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण हा माझा प्रांत.

२३ फेब्रुवारी १९३६ रोजी डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. क्युरे क्रिओल, म्हणजे मिश्र वंशाचे. त्यांच्याबरोबर एमान्युएल आंकेतिल आणि पंडित सहदेव. गुलामांची नातवंडे आणि करारी मजुरांची नातवंडे एका व्यासपीठावर आली ती तेव्हा. १९३७ मध्ये गिरण्यांनी 'उबा' जातीच्या उसाचा भाव पंधरा टक्क्यांनी उतरविला. उबा चिवट, रोग-वादळाला टिकणारा, म्हणून तो लहान शेतकऱ्यांचा ऊस होता. लहान शेतकरी उठले, त्यांच्यामागे मजूर उठले. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाक येथे मोर्चावर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. बोंब झाली, कमिशन बसले आणि १९३८ मध्ये कामगारांना संघ स्थापण्याचा कायदा मिळाला. त्याच वर्षी पोर्ट लुईच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर १ मे साजरा झाला. आणि त्याच वर्षी गोदी कामगारांनी संप केला तेव्हा गव्हर्नराने आणीबाणी पुकारून आंकेतिलला रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केले. कायदा एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवतात, हा अनुभव फक्त आपल्याच देशातला नाही.

२७ सप्टेंबर १९४३. महायुद्धाचे दिवस, धान्याची टंचाई, मजुरी अपुरी. बेल व्ह्यू हारेल मळ्यावरचे मजूर संपावर होते. पोलीस वस्तीत शिरले आणि गोळीबार झाला. त्यात जे बळी पडले त्यांत अंजले कुपन ही बत्तीस वर्षांची मजूर बाई होती. ती गरोदर होती. आज तिथे तिच्या नावाचे क्रीडांगण आहे. आपल्याकडे क्रीडांगणांना कोणाची नावे असतात ते आपण जाणताच. शेतमजूर बाईचे नाव असलेले मला एकही ठाऊक नाही. पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, बेटावरच्या अनेक भाषांपैकी एकीत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले. बासदेव बिसुनदयाळ यांच्या चळवळीने गावोगाव लोकांना अक्षरे शिकविली. मतदार सुमारे बारा हजार होते ते सत्तर हजारांवर गेले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. १२ मार्च ही दांडीयात्रेची तारीख, ती मुद्दाम निवडली.

आता आपल्या मराठी माणसांकडे वळतो. ती लोकसंख्येत शंभरांत दोनच्या आसपास आहेत. घरात बहुतेक सारे मॉरिशस क्रिओल बोलते, म्हणजे फ्रेंच शब्दांची, गुलामांच्या तोंडी घडलेली भाषा. मराठीही तीच बोलतात. पण शाळेत मराठी शिकता येते आणि मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचे शिक्षण मिळते. आंरिएत्ता गावच्या भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसविला, तेव्हापासून ती परंपरा चालू आहे आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. आणि सर्वांत गोड गोष्ट : रत्नागिरीची जाखडी तिथे जिवंत आहे. तिला ते 'झाकरी' म्हणतात. ढोलकीवर फेर धरावयाचा, पाय आपटावयाचा. भाषा गेली तरी पायांनी गाव सोडले नाही. कोकणातून पुण्यात आलेल्या आमच्या पोरांच्या लग्नांत मात्र डीजे असतो. असो.

इथून मंत्री-संत्री तिथे जातात, पुतळे उभारतात, भाषणे होतात. २०२३ मध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याचा मला आनंदच आहे. पण भाषणांत आमचे हे लोक जणू ध्वज घेऊन विजयाला निघाले होते असे चित्र रंगविले जाते, त्याला माझा आक्षेप आहे. ते पाच रुपयांवर गेले होते. त्यांनी भाषा, देव, नाच टिकविला तो डबल कट भोगून, पास खिशात ठेवून. तो भाग गाळला की त्यांचे मोठेपण वाढत नाही, कमी होते. आणि दुसरे असे : त्यांना माणसाचे हक्क मिळाले ते एकट्या मराठ्यांचे, बिहाऱ्यांचे किंवा तमिळांचे म्हणून नाहीत. मेलेली अंजले तमिळ होती, हद्दपार झालेला आंकेतिल क्रिओल होता. तिथल्या राज्यघटनेने नागरिकांचे हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'सर्वसाधारण' असे चार खण केले आहेत, आणि निवडणुकीत त्यांचा हिशोब लावतात. संपाच्या दिवसांत पुसट झालेल्या रेषा निवडणुकीत पुन्हा गडद होतात.

आज मॉरिशस आपल्याहून सुस्थितीत आहे हे खरे. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत, दवाखाना मोफत, राष्ट्रीय किमान वेतन २०१८ पासून. म्हाताऱ्यांना १९५० पासून पेन्शन आहे. ते साठीला मिळे ते पासष्टीला करण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरले तेव्हा संघटना रस्त्यावर आल्या. एकेकाळी अडीचशेवर साखर गिरण्या होत्या, आता तीन उरल्या. कापडाचे कारखाने, पर्यटन, बँका यांवर देश चालतो. २०२० साली एक जपानी मालवाहू जहाज पोवळ्याच्या बांधावर चढले आणि तेल सांडू लागले, तेव्हा हजारो लोकांनी सरकारची वाट न पाहता उसाचे पाचट पोत्यांत आणि कापडांत भरून तरंगते बांध शिवले. पाचटाचा असा उपयोग आमच्या एकाही साखर कारखान्याच्या संचालकाला सुचला नसता.

आणि त्या कापडाच्या कारखान्यांत आज कोण काम करते? बांगलादेशी, नेपाळी, मादागास्करचे, आपल्या देशाचेही. परवाना एका मालकाशी बांधलेला, राहणे मालकाच्या वसतिगृहात, आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घेतल्याच्या तक्रारी. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर दर २ नोव्हेंबरला हार वाहणाऱ्या देशात हे चालते. तिथल्या काही कामगार संघटना या परदेशी मजुरांना सभासद करून घेतात. सगळ्या घेत नाहीत.

पण मला तिथल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार केव्हा, तर मी माझ्या दाराशी पाहिले असेल तेव्हा. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना इकडून ट्रॅक्टर-ट्रक भरून ऊसतोड्यांच्या टोळ्या निघतात. आपल्या या धायरीतही त्या जिल्ह्यांतली पुष्कळ कुटुंबे वर्कशॉपच्या मागच्या खोल्यांतून राहतात. कोणाचा भाऊ, कोणाचे आईबाप तोडीला असतात. त्यांच्याकडून ऐकून सांगतो. मुकादम गावात येतो, उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आणि एक दिवस काम चुकले तर त्याला 'खाडा' म्हणतात : त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. ताप असो, पाळी असो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास सरकारने समिती नेमली, ती कशासाठी हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. खाडा पडू नये म्हणून बायांनी पिशवी काढून टाकली. मॉरिशसचा डबल कट इतिहासजमा होऊन शंभर वर्षे झाली. आमचा अजून चालू आहे, आणि त्यावर पिकलेली साखर आपण आज सकाळी चहात घातली.

एक फरक मात्र आहे, तो सांगून थांबतो. इंग्रज कारकुनाने मजुराचा नंबर लिहिला, फोटो काढला, गाव लिहिले. हेतू वाईट होता, पण कागद राहिला. आज मॉरिशसचा एखादा शिक्षक मोक्याच्या त्या संस्थेत जातो, जुने रजिस्टर पाहतो आणि त्याला आपल्या खापरपणजीचे नाव, तिचे गाव, तिच्या कपाळावरची खूण सापडते. आमच्या ऊसतोडीच्या व्यवहारात अंगठा नवऱ्याचा, उचल नवऱ्याच्या नावावर, आणि कोयता म्हणून मोजलेल्या जोडीतल्या बाईचे नाव बहुधा कोठेच नसते. सरकारने २०२१ मध्ये ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला. आपल्यापैकी ज्यांची माणसे तोडीला जातात त्यांनी गावी फोन करून एवढे विचारावे : कार्ड मिळाले का, आणि त्यावर बाईचे नाव आहे का. नसेल तर अर्ज कसा करावयाचा ते मी आत्ता सभा संपल्यावर दाराशी बसून लिहून देतो; निदान वीस जणांना पुरतील इतके कोरे कागद बरोबर आणले आहेत.